जुळलेली रेघ आणि खचलेला केज

कंबरेचे दोन मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे फ्यूजनसाठी, उंची वाढवता येणारा टायटॅनियमचा केज: मणक्यांमध्ये बसवायचा पोकळ आधार. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या इम्प्लांट युनिटमध्ये त्याचा तिसरा प्रोटोटाइप तयार झाला. स्थिर दाबाची चाचणी त्याने सहज पार केली. चक्रीय दाबाच्या चाचणीत मात्र दोन लाख आवर्तनांच्या आसपास त्याची उंची 1.1 मिलिमीटरने उतरली. काढायची होती 50 लाख आवर्तनं. तुटलं काही नव्हतं, वाकलंही नव्हतं. केज नुसता खाली बसला होता.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा केजच्या कामात जे प्रश्न हमखास समोर येतात ते एका नमुना डिझाइनवर एकत्र आणले आहेत, आणि गणित असं मांडलं आहे की कागद-पेन घेऊन प्रत्येक आकडा पडताळता यावा.

केज कसा आहे

गादी झिजून बसली की दोन मणक्यांमधलं अंतर घटतं आणि नस जिथून बाहेर पडते ती वाट अरुंद होते. फ्यूजनमध्ये गादी काढून तिथे केज बसवतात, अंतर परत मिळवतात आणि केजच्या पोटातून हाड वाढून दोन मणके एक व्हावेत अशी व्यवस्था करतात. टीएलआयएफ (ट्रान्सफोरामिनल लंबर इंटरबॉडी फ्यूजन) पद्धतीत पाठीमागून, एका बाजूचा फॅसेट सांधा, म्हणजे मणक्यांना मागून जोडणारा छोटा सांधा, काढून आत शिरतात. तिथे एका बाजूला बाहेर पडणारी नस, दुसऱ्या बाजूला खाली जाणारी नस आणि ड्युरा, म्हणजे नसांभोवतीचं आवरण. या फटीतून 12 मिलिमीटर उंचीचा ठोकळा ठोकत न्यायचा तर नस ओढून धरावी लागते आणि जाता जाता एंडप्लेट, म्हणजे मणक्याचा गादीकडचा पृष्ठभाग, खरवडली जाते. म्हणून 8 मिलिमीटरने आत जायचं आणि जागेवर पोचल्यावर 12 व्हायचं.

नमुना केजची लांबी 28, रुंदी 10, बंद उंची 8 आणि पूर्ण उघडल्यावर 12 मिलिमीटर. वर-खाली दोन प्लेटा. पुढच्या तोंडाला पाचर, मागे ठोकळा, आणि ठोकळ्यालाही पाचरीसारखाच उतार. दोन्हींना जोडणारा एम3 गुणिले 0.5 चा, म्हणजे 3 मिलिमीटर व्यासाचा आणि एका फेरीत 0.5 मिलिमीटर सरकणारा (पिच 0.5), स्क्रू: डोकं मागच्या ठोकळ्यात अडकलेलं, आटे पुढच्या पाचरीत. स्क्रू फिरवला की पाचर आणि ठोकळा एकमेकांकडे ओढले जातात, त्यांचे उतार प्लेटांखाली सरकतात आणि प्लेटा डोव्हटेलवरून, म्हणजे एकमेकींत अडकलेल्या तिरक्या कडांच्या खाचांवरून, वर-खाली होतात. उतार 25 अंशांचा. सगळे भाग टायटॅनियम ग्रेड 23 चे, म्हणजे एएसटीएम या मानक-संस्थेच्या एफ136 मधला सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू. त्याची किमान यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, 795 मेगापास्कल.

25 अंशांचा टॅन्जंट 0.466. एका फेरीत पाचर 0.5 मिलिमीटर सरकते, म्हणून उंची 0.233 मिलिमीटर वाढते. चार मिलिमीटर उंचीसाठी पाचर 8.6 मिलिमीटर सरकली पाहिजे, त्याला 17 फेऱ्या लागतात.

उतार एवढा तीव्र का, हे इथेच सांगितलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघतो. ओल्या टायटॅनियमवर टायटॅनियम सरकताना घर्षणांक हिशेबाला 0.15 धरला, तर पाचर आपोआप अडकून राहण्यासाठी उतार 8.5 अंशांपेक्षा कमी हवा. त्या उताराने चार मिलिमीटर उंची मिळवायला पाचर जवळपास 27 मिलिमीटर सरकवावी लागेल. केजच 28 चा आहे. 12 अंश घेतले तरी 19 मिलिमीटर. त्यामुळे या मापाच्या केजमध्ये पाचर स्वतःहून अडकत नाही, मणक्याचा दाब पाचरींना कायम बाहेर ढकलत राहतो आणि तो जोर स्क्रूवर येतो. केज उघडा राहणं पूर्णपणे त्या तीन मिलिमीटरच्या स्क्रूवर अवलंबून असतं.

चाचणीच्या मशीनवर

एएसटीएम एफ2077 ही आंतरमणका केजच्या ताकदीची ठरलेली पद्धत. चक्रीय चाचणीत केज दोन पॉलिअ‍ॅसिटल ठोकळ्यांमध्ये ठेवतात आणि भार एका कमाल आकड्यापासून त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत वर-खाली करतात. इथे 2000 ते 200 न्यूटन, सेकंदाला 5 आवर्तनं, 37 अंश सेल्सिअसच्या सलाइनमध्ये. या वेगाने 50 लाख आवर्तनांना साडेअकरा दिवस लागतात. एकाच मशीनवर सहा नमुने चालवायचे तर अडीच महिने घेऊन बसावं लागतं. पावसाळ्यात वीज गेली आणि हायड्रॉलिक पंप बंद पडला तर भाराला झटका बसून नमुना वाया जातो, म्हणून नियंत्रकालाच नाही तर पंपालाही बॅकअप हवा. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात बहुधा कोणी धरत नाही.

मशीनवर सरकण्याची मर्यादा 1.5 मिलिमीटर ठेवली होती. अकरा-बारा तासांत ती ओलांडली गेली आणि मशीन थांबलं.

पहिली चूक इथे होऊ शकते, ती म्हणजे मशीनचा 1.5 हा आकडा केजच्या नावावर टाकणं. अ‍ॅक्च्युएटर जे सरकणं दाखवतो त्यात पॉलिअ‍ॅसिटल ठोकळ्यांचं दबणं आणि हळूहळू बसत जाणंही येतं. केज काढून, प्लेटांच्या चार कोपऱ्यांवर हाइट गेज लावून चाचणीआधीच्या मापांशी तुलना केली, तेव्हा केजची स्वतःची घट 1.1 निघाली. उरलेली 0.4 ठोकळ्यांची. आधीची चार मापं घेऊन ठेवली नसती तर ही फोड कधीच झाली नसती.

दुसरी चूक जास्त खोल गेली. जुळणीच्या वेळी स्क्रूच्या डोक्यावरून मागच्या ठोकळ्यावर जाणारी एक सरळ रेघ लेझरने मारलेली होती. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसावी, हा उद्देश. चाचणीनंतर मायक्रोस्कोपखाली रेघ जवळपास अखंड दिसत होती, डोक्यावरचा तुकडा आणि ठोकळ्यावरचा तुकडा केसभरही हललेले वाटत नव्हते. त्यामुळे स्क्रू हललेला नाही असं अहवालाच्या मसुद्यात लिहिलं गेलं आणि संशय उतारांच्या झिजेवर गेला. त्याला पुरावाही होता: डोव्हटेलच्या खाचांतून काळी ओलसर भुकटी निघत होती. टायटॅनियम टायटॅनियमवर घासत राहिलं की अशीच भुकटी निघते.

पण झिजेने 1.1 मिलिमीटर जायचं तर उतारांवर डोळ्यांनी दिसेल एवढा खड्डा पडायला हवा. प्रोफाइल प्रोजेक्टरवर तसं काही नव्हतं, फक्त चकचकीत झालेले पट्टे होते. तेव्हा पाचर आणि ठोकळा यांच्यामधलं अंतर मोजलं. चाचणी 11 मिलिमीटर उंचीवर सुरू केली होती, त्या उंचीला हे अंतर किती असायला हवं ते ड्रॉइंगवरून ठाऊक होतं. प्रत्यक्षात ते 2.0 मिलिमीटर जास्त भरलं. पिच 0.5. म्हणजे स्क्रू बरोबर चार फेऱ्या उलट फिरला होता आणि चौथी फेरी पूर्ण होताना मशीन थांबलं होतं. रेघ जुळली ती त्यामुळे. चार गुणिले 0.233 म्हणजे 0.93. उरलेले 0.17 आट्यांतला प्ले, उतारांची झीज आणि डोव्हटेलचं बसणं यांत गेले.

दुसऱ्या नमुन्याची रेघ काटकोनात फिरलेली निघाली, तेव्हा शंका उरली नाही. फेरीचा अंश दाखवणारी खूण पूर्ण फेऱ्या मोजत नाही, हे ऐकायला अगदी साधं आहे. तरीही जुळलेली रेघ पाहिल्यावर शोध तिथेच थांबतो. आता त्या युनिटच्या तपासणी तक्त्यात रेघेच्या आधी पाचर-ठोकळा अंतराचा रकाना आहे.

न फिरणारा स्क्रू का फिरला

कागदावर हा स्क्रू फिरायलाच नको. एम3 गुणिले 0.5 च्या आट्यांचा चढ-कोन 3.4 अंश. घर्षणांक 0.15 धरून आट्यांच्या 60 अंशांच्या आकाराचा हिशेब केला की घर्षणकोन 9.8 अंश येतो. चढ-कोनापेक्षा घर्षणकोन तिप्पट मोठा, मग स्क्रू स्वतःहून सुटणार कसा?

हा हिशेब स्थिर भाराचा आहे. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्टला अक्षाच्या आडवं हलकं घसरणं मिळत राहिलं तर आट्यांमधलं घर्षण त्या आडव्या घसरण्यात खर्ची पडतं, आणि फिरण्याच्या दिशेने जणू घर्षण उरतच नाही. मग चढ-कोनातून येणारा अगदी छोटा उलट टॉर्कही, म्हणजे पिळण्याचा जोरही, स्क्रू सोडवायला पुरतो. केजमध्ये नेमकं तेच घडत होतं. भार 2000 वरून 200 वर येताना प्लेटा डोव्हटेलच्या मोकळ्या जागेत किंचित डुलतात, पाचर सूतभर तिरकी होते, आणि सेकंदाला पाच वेळा आटे आडवे घसरतात. रुग्णाच्या शरीरात हे पावलागणिक होईल.

घर्षण पूर्ण शून्य धरलं, म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था, तर 1000 न्यूटन दाबाला स्क्रूवर 466 न्यूटनचा ताण येतो आणि उलट टॉर्क सुमारे 37 न्यूटन-मिलिमीटर. 2000 न्यूटनला 74. अडवायचं ते एवढंच, आकडा काही मोठा नाही. पण तो रोज, वर्षानुवर्षं, हाड जुळून येईपर्यंत अडवायचा आहे.

स्थिर चाचणीत हे का दिसलं नाही? एक तर तिथे आवर्तनं नाहीत. दुसरं म्हणजे तो नमुना पूर्ण 12 मिलिमीटर उघडून, स्क्रू शेवटच्या टोकाला आवळून बसवला होता. टोकाला आवळलेल्या स्क्रूत ताण भरलेला असतो, त्यामुळे तो घट्ट बसतो. सर्जन मात्र केज बहुतेक वेळा मधल्याच कुठल्यातरी उंचीवर सोडणार. टोकापर्यंत उघडलेला केज वाकण्या-तुटण्यासाठी सगळ्यात वाईट स्थिती असेल, पण उलट फिरण्यासाठी ती उलट सगळ्यात सुरक्षित स्थिती आहे. सगळ्यात वाईट स्थिती प्रत्येक बिघाडासाठी वेगळी शोधावी लागते, आणि चाचणी आराखड्यात ते कारणासकट लिहावं लागतं.

अडवायचं कसं

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तो नायलॉक नटाचा: आट्यांत पीक (PEEK) या कडक प्लास्टिकचा छोटा तुकडा बसवायचा, स्क्रू त्यात स्वतःची वाट कोरेल आणि घट्ट राहील. पीक इम्प्लांटमध्ये मान्य आहे, जागा कमी लागते, स्क्रू दोन्ही दिशांनी फिरवता येतो. अडचण निर्जंतुकीकरणात आहे. आपल्याकडे इम्प्लांट बहुतेक वेळा ट्रेमध्ये निर्जंतुक न करता रुग्णालयात जातात आणि तिथे 134 अंशांवर ऑटोक्लेव्ह होतात. जो केज त्या दिवशी वापरला नाही तो परत येतो, पुढच्या शस्त्रक्रियेला पुन्हा ऑटोक्लेव्ह होतो. पीकचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे जिथे ते मऊ पडू लागतं ते, सुमारे 143 अंश. त्याच्या इतक्या जवळ वारंवार नेलं की दाबून बसवलेल्या तुकड्यातला ताण सैल होतो आणि पकड उतरते. नवा केज घट्ट, दहा वेळा ट्रेमधून फिरून आलेला केज सैल, आणि बाहेरून दोन्ही सारखेच. पीकचा मार्ग घ्यायचाच तर केज गॅमाने निर्जंतुक करून एकेकट्या पाकिटात द्यावा लागेल. ते चांगलंच आहे, पण ट्रेवर चालणाऱ्या वितरकाला ते पटवायला वेळ लागतो.

दुसरा पर्याय मागून आवळायच्या छोट्या लॉक-स्क्रूचा. यांत्रिकदृष्ट्या पक्का. पण दोन मिलिमीटरचा सुटा स्क्रू नळीतून ड्युराजवळ न्यायचा, तो पडला तर शोधायचा, आणि शस्त्रक्रियेत एक पायरी वाढवायची. वाढवलेली पायरी कधी ना कधी विसरली जाते.

तिसरा पर्याय टिकटिक करणाऱ्या खाचांचा: स्क्रूच्या डोक्यावर सहा खाचा आणि ठोकळ्यातून कापलेली एक स्प्रिंगपट्टी. पट्टी 5 मिलिमीटर लांब, 1.5 रुंद, 0.4 जाड. खाचेतून बाहेर पडताना ती 0.15 मिलिमीटर वाकते. मुळाशी ताण सुमारे 396 मेगापास्कल, यील्डच्या निम्म्याच्या आसपास, तेव्हा पट्टीला धोका नाही. पण पट्टीचा जोर फक्त 3.2 न्यूटन. डोक्याच्या 2 मिलिमीटर त्रिज्येवर, 45 अंशांच्या खाचेतून, हे धरून ठेवतात साडेआठ न्यूटन-मिलिमीटर. लागतात 37 ते 74. हाताला सुंदर टिकटिक लागते, आणि तेवढीच ती लागते. जाडी वाढवून पट्टी जवळपास नऊपट कडक करावी तर ती वाकतानाच यील्ड होईल. इथे गणिताने दोन महिन्यांची चाचणी वाचवली.

शेवटी पट्टी तीच ठेवली आणि खाचेचा आकार बदलला. उघडण्याच्या दिशेला 45 अंशांचा उतार, बंद होण्याच्या दिशेला सरळ उभी भिंत. पट्टीचा खटका झाला. उलट फिरायला गेला की खाचेची भिंत पट्टीच्या टोकावर आदळते आणि पट्टीवर लांबीच्या दिशेने दाब येतो, वाकण्याचा प्रश्नच नाही. 2000 न्यूटनच्या सगळ्यात वाईट अवस्थेतही टोकावर 37 न्यूटन, म्हणजे 0.6 चौरस मिलिमीटरच्या छेदावर 62 मेगापास्कल. सहा खाचांमुळे जास्तीत जास्त सहावा हिस्सा फेरी मागे येईल: 0.039 मिलिमीटर. केज परत मिटवायचा असेल तर इन्सर्टरच्या, म्हणजे केज आत नेणाऱ्या हत्याराच्या, आतली नळी अर्धी फेरी फिरवल्यावर पट्टी उचलते. इन्सर्टर काढला की पट्टी आपोआप खाचेत, कोणी काही लक्षात ठेवायची गरज नाही.

फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून दुहेरी आट्यांची सूचना प्रत्येक डिझाइन आढाव्यात येते. त्याने 17 च्या जागी साडेआठ फेऱ्या होतात, पण चढ-कोन 6.8 अंशांवर जातो आणि 9.8 च्या घर्षणकोनाशी अंतर फारच कमी उरतं. मिनिटभर वाचवण्यासाठी ते देऊ नये.

वायरकटची पट्टी

पट्टी कापायचं काम वायरकटचं, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या बारीक तारेने धातू कापण्याचं. ठाण्यात वागळे इस्टेटला अशी जॉबवर्कची दुकानं आहेत. ती मुख्यतः डाय आणि पंच कापतात आणि माप उत्तम देतात. मापाच्या ड्रॉइंगवर जे लिहिलेलं नसतं ते मात्र मिळत नाही, आणि पहिल्या लॉटमध्ये तेच झालं. काही पट्ट्यांच्या मुळाशी जुळणीच्या तपासणीतच बारीक चीर दिसली.

कारणं दोन, एकमेकांवर चढलेली. 0.25 मिलिमीटरच्या तारेने आतला कोपरा कापला की त्याची त्रिज्या आपोआप 0.15 च्या आसपास येते, ड्रॉइंगवर वेगळं काही मागितलं नव्हतं. तेवढ्या धारदार कोपऱ्यात ताण सहज दुप्पट होतो आणि 396 चे जवळपास 800 होतात: यील्डच्या काठावर. त्यावर वायरकटच्या ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला थर, ठिसूळ आणि सूक्ष्म भेगांनी भरलेला. चीर तिथूनच सुरू होते. शिवाय तार पितळेची असते, तिचं तांबं आणि जस्त त्या थरात अडकून राहतं, आणि ते शरीरात जाता कामा नये.

दुरुस्ती अशी: कोपऱ्याची त्रिज्या 0.4, पहिल्या कापानंतर दोन हलके कट, मग नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या मिश्रणात प्रत्येक बाजूने 20 मायक्रॉन काढून टाकायचे, आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने पृष्ठभाग गंजरोधक करणं. ड्रॉइंगवर आम्लाआधीचं आणि आम्लानंतरचं अशी दोन्ही मापं हवीत. 0.40 ची पट्टी कापून 20-20 मायक्रॉन काढले तर 0.36 उरते, आणि जोर जाडीच्या घनावर चालत असल्याने तो 27 टक्के कमी होतो. म्हणून कापायची 0.44. दुकानदाराला ही गोष्ट समजावून सांगितली की तो स्वतःच विचारतो, "साहेब, हे माप आधीचं की नंतरचं?" ज्या दुकानातून हा प्रश्न येतो तिथे काम टिकवून ठेवावं.

आट्यांचाही एक उपद्रव आहे. टायटॅनियमवर टायटॅनियम जोराने फिरलं की धातू ओढला जाऊन आटे जाम होतात, आणि अर्धवट उघडलेला केज ना पुढे जातो ना मागे. स्क्रूला राखाडी रंगाचं, रंगीत नव्हे, टाइप 2 (विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवणारं) अ‍ॅनोडायझिंग केल्याने हे बरंच आटोक्यात येतं. रंगीत अ‍ॅनोडायझिंग ओळखीसाठी, झिजेसाठी नाही.

टॉर्क हाडाचं काही सांगत नाही

खटका बसला, केज खाली यायचा थांबला. आता उलटा प्रश्न: वर जाताना तो किती जोराने जातो?

सर्जन म्हणतात, "हाताला लागतं." एंडप्लेटचा विरोध हँडलवर जाणवतो आणि तिथे थांबायचं. हा भरवसा किती खरा हे पाहायला हिशेब करावा. मणक्याच्या F न्यूटन विरोधाविरुद्ध केज उघडायला लागणारा टॉर्क, आट्यांचं आणि डोक्याखालचं घर्षण धरून, घर्षणांक 0.15 असताना 0.38 गुणिले F न्यूटन-मिलिमीटर येतो. घर्षणांक 0.3 असेल तर 0.96 गुणिले F. पहिल्या डिझाइनमध्ये टॉर्क-मर्यादित हँडल, म्हणजे ठरावीक टॉर्कला कट्ट करून सुटणारं, 0.6 न्यूटन-मीटरचं होतं, कारण स्क्रू 1.2 च्या आसपास पिळून यील्ड होतो आणि निम्मं ठेवणं सुरक्षित वाटलं. त्या 0.6 ला ओल्या, गुळगुळीत केजमध्ये हाडावर 1575 न्यूटन जातात. कोरड्या, खडबडीत केजमध्ये 625. हँडल दोन्ही वेळा एकाच ठिकाणी कट्ट करतं.

प्लेटचं हाडावर टेकणारं क्षेत्रफळ, खिडकी वजा करून, 160 चौरस मिलिमीटर. 1575 न्यूटन म्हणजे जवळपास 10 मेगापास्कल. केज हाडात रुतण्याच्या एएसटीएम एफ2267 चाचणीत जो ग्रेड 15 चा पॉलियुरेथेन फोम वापरतात तो 5 मेगापास्कलच्या आसपास चिरडतो. हाडं विरळ झालेल्या साठीच्या बाईंच्या कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये (एल4-एल5), तेही एंडप्लेटच्या कमकुवत मध्यभागी, या हँडलने केज उघडला तर प्लेट हाडात शिरेल आणि हाताला फक्त "छान उघडतोय" असं लागेल. उंची वाढल्यासारखी दिसेल, पण ती मणक्यांमध्ये नाही, मणक्यात वाढलेली असेल.

म्हणजे मर्यादा स्क्रूच्या ताकदीवरून नाही, एंडप्लेटच्या ताकदीवरून ठरवायला हवी. 160 गुणिले 5 म्हणजे 800 न्यूटन. 0.15 घर्षणांकाला त्याचे 0.3 न्यूटन-मीटर. पण नुसतं हँडल बदलून भागत नाही: 0.3 च्या घर्षणांकाला त्याच हँडलने जेमतेम 310 न्यूटन मिळतात आणि गादीच्या घट्ट जागेत केज उघडणारच नाही. खरं काम आहे घर्षणाचा पसारा आवळण्याचं. उतार पॉलिश, स्क्रूला अ‍ॅनोडायझिंग, डोक्याखालचा पृष्ठभाग लॅप केलेला, आणि प्रत्येक लॉटमधले काही केज कोरडे नाही तर 37 अंशांच्या वासराच्या सीरममध्ये, ठरावीक वजनाखाली उघडून टॉर्क मोजायचा. घर्षणांक 0.15 ते 0.20 च्या पट्ट्यात आणला तर 0.3 न्यूटन-मीटरला हाडावर 790 ते 550 न्यूटन पडतात. त्या पट्ट्याबाहेरचा लॉट परत.

हँडलच्या जोडाबद्दल एक गोष्ट. त्याच टेबलावर पेडिकल स्क्रूचे (मणक्यात मागून बसवायच्या स्क्रूचे) सेट-स्क्रू आवळायचं हँडल असतं, 10 न्यूटन-मीटरच्या वरचं. दोघांचा जोड एकाच मापाचा ठेवला तर घाईत अदलाबदल होणार. केजच्या ड्रायव्हरला मुद्दाम वेगळा जोड दिला, जो टेबलावरच्या दुसऱ्या कुठल्याही हँडलमध्ये बसत नाही. आणि इन्सर्टरवर उंचीची पट्टी कोरली, म्हणजे सी-आर्मच्या (शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्राच्या) चित्रात दिसणारं अंतर आणि पट्टीवरची उंची ताडून पाहता येते. पट्टी 11 दाखवते आणि चित्रात मणक्यांमधलं अंतर वाढलेलं नाही, तर केज हाडात जातोय. तिथेच थांबायचं.

पोटातलं हाड

उघडणाऱ्या केजमध्ये हाडाचा चुरा भरण्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो: केज उघडला की आतली जागा वाढते. या डिझाइनमध्ये ती घटते. बंद असताना पाचर आणि ठोकळ्यामध्ये 15 मिलिमीटर लांब, 6 रुंद, 8 उंच पोकळी. स्क्रू वजा जाता 0.61 मिलिलिटर. उघडल्यावर उंची 12 होते पण पाचर 8.6 मिलिमीटर आत आलेली असते: 6.4 गुणिले 6 गुणिले 12, स्क्रू वजा जाता 0.42. एक तृतीयांश जागा गेली. आधीच ठासून भरलेला चुरा पाचरींमध्ये दाबला जातो, टॉर्क चढतो, हँडल कट्ट करतं आणि सर्जनला वाटतं एंडप्लेट लागली. केज 9.5 वरच राहतो.

उलट मोकळा भरला तर तो वर-खाली एंडप्लेटला टेकत नाही आणि हाड जुळणार कशातून हा प्रश्न उरतो. म्हणून आधी मोकळा भरायचा, केज उघडायचा आणि मग ठोकळ्याच्या बाजूला दिलेल्या 2.5 मिलिमीटरच्या भोकातून नळीने उरलेला चुरा ढकलायचा. एवढ्या भोकातून जायला चुरा दळलेला हवा. फॅसेटचे रोंजरने (हाड तोडायच्या चिमट्याने) तोडलेले तुकडे तसेच घातले तर पहिल्या दोन ढकलण्यांत नळी बुजते.

कागद

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, 2017 प्रमाणे असा केज सी वर्गात मोडतो आणि उत्पादनाचा परवाना केंद्रीय प्राधिकरणाकडून, एमडी-9 या नमुन्यात मिळतो. चाचणीसाठी नमुने बनवायलाही एमडी-13 चा परवाना आधी घ्यावा लागतो. खटका बसवल्यावर आधीच्या चाचण्यांतली एकही गृहीत धरता आली नाही. दाब, दाब-कातर, पीळ, रुतणं, सगळं नव्याने, आणि चक्रीय दाबाचे नमुने 11 मिलिमीटरवर, टोकाला न आवळता. भुकटीसाठी सलाइन गाळून कण एएसटीएम एफ1877 प्रमाणे मोजले. परवान्यानंतर हाच बदल केला असता तर तो मोठा बदल ठरून पूर्वपरवानगी लागली असती.

आयएसओ 14971 च्या जोखीम-तक्त्यात या प्रकरणामुळे आलेल्या ओळींपैकी एक अजून उघडी आहे. दोन वर्षांनी केज काढायची वेळ आली तर खटका उचलणारी नळी बसायला ठोकळ्याचं तोंड मोकळं असायला हवं, आणि तोपर्यंत तिथे हाड चढलेलं असेल. सुचवलेलं उत्तर ठोकळ्यात दिलेलं एम4 चं आट्याचं भोक: त्यात दांडा आवळून सरकत्या हातोडीने केज आहे त्या उंचीला ओढून काढायचा. 12 मिलिमीटरला उघडलेला केज त्या फटीतून नसेला धक्का न लावता बाहेर येतो का, हे मृतदेहावरच्या प्रयोगशाळेत पाहायचं आहे. तोवर शस्त्रक्रिया-पुस्तिकेत ओळ आहे ती अशी: काढण्याआधी तोंडावरचं हाड बर्रने (हाड घासणाऱ्या ड्रिलने) साफ करा, खटका उचला, मिटवा, मिटत नसेल तर वाट रुंद करा, ओढू नका.